बिल्डच्या फाइलमधले खडे

गेल्या हिवाळ्यात आमच्या प्रयोगशाळेतली एक विद्यार्थिनी तीन आठवडे एकाच आलेखाशी झगडत होती. कणांच्या हालचालीचं सिम्युलेशन होतं. बाहेरून ऊर्जा आत येत नव्हती, आतली बाहेर जात नव्हती, म्हणजे एकूण ऊर्जा जवळपास स्थिर राहायला हवी. तिच्या आलेखात मात्र ती हळूहळू वर सरकत होती. तिनं समीकरणं तीनदा तपासली, पुन्हा पहिल्यापासून मांडली, आणि शेवटी "हे आपल्याला जमणारं काम नाही" इथपर्यंत येऊन पोचली. तिचं गणित बरोबर होतं. चूक बिल्डच्या फाइलमधल्या एका ओळीत होती, आणि ती ओळ मी लिहिलेली होती.

आधी बिल्ड म्हणजे काय ते पाहू. मोठ्या प्रोग्रॅमचा कोड शेकडो फाइलींत विखुरलेला असतो. कुठली फाइल आधी कंपाइल करायची, कुठल्या लायब्ररी जोडायच्या, कुठले पर्याय चालू ठेवायचे, हे सगळं एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवतात. ही कल्पना जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली 'मेक' लिहिलं ते याचसाठी. आम्ही वापरतो ते 'सीमेक'. त्याचा जन्म २००० च्या सुमारास वैद्यकीय प्रतिमांवर काम करणाऱ्या एका प्रकल्पातून झाला. आज विज्ञानातल्या कितीतरी सॉफ्टवेअरची बांधणी त्याच्यावर होते.

आता ती ओळ. सीमेकमध्ये 'ऑप्शन' नावाची आज्ञा आहे. तिला तीन गोष्टी द्यायच्या असतात: पर्यायाचं नाव, माहितीचं एखादं वाक्य, आणि 'ऑन' किंवा 'ऑफ'. मी घाईत मधलं वाक्य विसरलो आणि लिहिलं (इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत):

ऑप्शन (दुहेरी_अचूकता ऑन)

वाचणाऱ्याला वाटेल, पर्याय चालू आहे. सीमेकनं मात्र 'ऑन' हा शब्द माहितीचं वाक्य समजून घेतला. तिसरी गोष्ट दिलीच नव्हती, म्हणून पर्याय आपोआप 'ऑफ' झाला. एररचा संदेश नाही, साधा इशाराही नाही. सिम्युलेशन एकेरी अचूकतेत बांधलं गेलं, म्हणजे प्रत्येक संख्येचे साधारण सातच दशमान अंक भरवशाचे. दुहेरीत ते पंधरा-सोळा असतात. फरक किती पडतो? एकेरी अचूकतेत १,६७,७७,२१६ मध्ये १ मिळवला तर उत्तर पुन्हा १,६७,७७,२१६ च येतं. अशा बारीक चुका लाखो पायऱ्यांत साचत गेल्या आणि ऊर्जेचा आलेख वर सरकला.

अशा चुका प्रोग्रॅम चालवण्याआधी पकडणारं हत्यार म्हणजे लिंटर. 'लिंट' म्हणजे कपड्याला चिकटणारे धाग्यांचे बारीक तुकडे. बेल लॅब्जमधल्याच स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास सी भाषेसाठी 'लिंट' नावाचा प्रोग्रॅम लिहिला, आणि पुढे या साऱ्या जातकुळीला तेच नाव पडलं. मला मात्र लिंटर म्हटलं की आजी आठवते. ताटात तांदूळ पसरून ती खडे निवडायची. भात शिजवणं हे वेगळं काम. निवडणाऱ्यानं फक्त बघायचं आणि बोट ठेवायचं.

मी आमच्या सीमेक फाइलींसाठी एक छोटा लिंटर लिहायला घेतला. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, मजकुराचे शब्द वेगळे करणं: आज्ञा, कंस, अवतरणचिन्हं. दुसरी, त्या शब्दांतून वृक्ष उभा करणं, म्हणजे कुठली आज्ञा कुठल्या 'जर'च्या पोटात आहे ते कळतं. तिसरी, त्या वृक्षावर नियम चालवणं.

पहिला नियम सोपा होता. 'ऑप्शन'मधल्या माहितीच्या जागी नुसतं 'ऑन', 'ऑफ', 'ट्रू', 'फॉल्स' असं काही असेल तर इशारा द्यायचा. शहाणा माणूस माहिती म्हणून एवढाच शब्द लिहिणार नाही, त्यामुळे हा नियम सहसा खोटा ठरत नाही.

दुसऱ्या नियमानं मला धडा शिकवला. सीमेकमध्ये कधीच किंमत न दिलेलं व्हेरिएबल वापरलं तर त्याच्या जागी गुपचूप रिकामा मजकूर येतो. नावात एक अक्षर चुकलं तरी काम पुढे चालू राहतं. म्हणून मी नियम केला: आधी किंमत न दिलेलं प्रत्येक नाव पकडायचं. आमच्याच प्रकल्पावर चालवलं तर इशारे स्क्रीनवर मावेनात, आणि बहुतेक सगळे खोटे! काही नावांना किंमत बाहेरच्या लायब्ररीकडून मिळत होती, काहींना वरच्या फोल्डरमधून, काहींना आज्ञा चालवताना. काही नावं तर दोन तुकडे जोडून ऐनवेळी तयार होत होती. दोन दिवसांत सगळ्यांनी लिंटरकडे बघणं सोडलं. प्रत्येक पिवळसर दाणा खडा म्हणून बाजूला काढला, तर घरचे तुमच्या निवडण्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

मग सुधारणा केल्या. एक, वरच्या फोल्डरपासून खाली, सीमेक वाचतं त्याच क्रमानं फाइली वाचायच्या. दोन, नाव नुसतं अनोळखी आहे म्हणून ओरडायचं नाही, ते एखाद्या ओळखीच्या नावाच्या अगदी जवळ असेल तरच बोलायचं. 'जवळ' कसं मोजायचं? एका शब्दाचा दुसरा करायला किती बदल लागतात ते मोजायचं. लेवेनश्टाइन यांच्या पद्धतीत 'कमळ'चं 'कळम' करायला दोन बदल लागतात. डामेरो यांच्या पद्धतीत शेजारच्या अक्षरांची अदलाबदल हा एकच बदल धरतात. टाइप करताना नेमकी अशीच चूक होते, म्हणून मी दुसरी पद्धत घेतली. तीन, अगदी छोटी नावं आणि फक्त आकड्यानं वेगळी असणारी नावं वगळली. 'स्रोत१' आणि 'स्रोत२' ही चूक नसते.

सगळं पकडणारा लिंटर का लिहीत नाही? तसा लिहिताच येत नाही. प्रोग्रॅमच्या वागण्याबद्दलच्या कुठल्याही अर्थपूर्ण प्रश्नाला प्रत्येक प्रोग्रॅमसाठी अचूक उत्तर देणारी एकच रीत असू शकत नाही, हे हेन्री राइस यांनी १९५१ मध्ये सिद्ध केलं. मात्र भाषाच मर्यादित ठेवली तर काम हलकं होतं. 'बेझल'ची 'स्टारलार्क' भाषा मुद्दाम तशी बनवली आहे. तिच्यात 'व्हाइल' नाही आणि फंक्शननं स्वतःला पुन्हा बोलावण्याची मुभा नाही. तिथे अनोळखी नाव वापरलं की सरळ एरर येते. म्हणून तिच्यासाठी असलेला 'बिल्डिफायर' हा लिंटर काही दोष स्वतः दुरुस्तही करू शकतो.

आमचा लिंटर 'ऑप्शन'ची ओळ स्वतः दुरुस्त करत नाही. 'ऑफ'चं 'ऑन' झालं तर सगळे निकाल बदलतील, आणि तो निर्णय माणसानंच घ्यायला हवा. आता प्रत्येक नियमासोबत दोन छोट्या फाइली ठेवतो: एकीत इशारा यायलाच हवा, दुसरीत येताच कामा नये. कुणी खोटा इशारा दाखवून दिला की त्याची आणखी एक फाइल होते. इशारा गप्प करायची सोय आहे, पण कारण लिहावं लागतं.

आम्ही ते निकाल मागे घेतले आणि सगळं दुहेरी अचूकतेत पुन्हा चालवलं. रेषा आडवी आली. विद्यार्थिनीची मी माफी मागितली. शिवाय सिम्युलेशन सुरू होताना अचूकता छापणारी एक ओळ घातली, कारण लिंटर फक्त मजकूर बघतो, प्रत्यक्ष काय बांधलं गेलं ते त्याला दिसत नाही.

तुम्ही सीमेक वापरत असाल तर आज दोन गोष्टी करून पाहा. 'ऑप्शन'च्या सगळ्या ओळी शोधून प्रत्येकीत तीन गोष्टी आहेत का ते मोजा. मग सीमेकचाच 'वॉर्न अनइनिशियलाइज्ड' हा पर्याय एकदा चालवा. इशारे भरपूर येतील आणि बरेच खोटे असतील. पण आकडे चुकत असतील, तर स्वतःच्या गणितावर शंका घेण्याआधी एवढं निवडून घ्या.