पाणी भरायच्या आधी

बाळा, कॉम्प्युटरसाठी स्वतःच्या हातानं पाण्याचं लूप बांधायचं ठरवलंयस, छान केलंस. खरेदीच्या यादीत पहिल्या ओळीवर रंगीत कूलंट आणि दिव्यांचे फॅन असणार, हे मला न बघता कळतं. ती यादी जरा बाजूला ठेव. लूप बांधायचं एकदा असतं, उघडायचं मात्र दरवर्षी. म्हणून पुढचं सगळं त्या उघडायच्या दिवसाकडे बघून सांगतोय.

१. आधी उष्णतेचा हिशेब मांड. आरटीएक्स ५०९० कार्ड ५७५ वॅटपर्यंत जातं, कोअर आय९-१४९००के प्रोसेसर २५३ पर्यंत, म्हणजे दोन्ही जोरात चालले तर ८२८ वॅट — पाणी यातला एकही वॅट नाहीसा करत नाही, फक्त उचलून रेडिएटरपर्यंत नेतं आणि तुझ्या खोलीत सोडतं.

२. खोलीचाही विचार कर. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो — त्यातला जवळजवळ पाव हिस्सा हा एकटा कॉम्प्युटर खाणार.

३. रेडिएटरला माठ समजू नकोस. माठातलं पाणी बाष्पीभवनानं हवेपेक्षा गार होतं, बंद लूपमधलं कधीच होत नाही — नागपूरच्या मे महिन्यात खोलीत ४० अंश असतील तर पाणी ५० च्या आसपास राहणार. हे आधीच मान्य केलंस तर पहिल्या उन्हाळ्यात आकडे बघून जीव घाबरा होणार नाही.

४. शांत फॅनवर १२० मिमीच्या एका खणाकडून शंभरेक वॅटचीच अपेक्षा ठेव. गेम खेळताना कार्ड आणि प्रोसेसर एकदम टोकाला जात नाहीत, तेव्हा ३६० चे दोन रेडिएटर चालून जातात. दिवसभर रेंडरिंग करायचं असेल तर तिसऱ्याची जागा आत्ताच बघ — रेडिएटर कमी पडला की फॅन ओरडतात, आणि मग एवढा खटाटोप कशासाठी केला असं वाटतं.

५. कॅबिनेट टेपनं मोज. ३० मिमीचा रेडिएटर आणि २५ मिमीचा फॅन मिळून ५५ होतात, जाड ६० चा घेतलास तर ८५ — वरच्या बाजूला बसवलेला रेडिएटर नेमका रॅमवर टेकतो. तेवढ्या मापाचा पुठ्ठा कापून आत धरून बघ. मोजलेलं बसतं, मानलेलं परत जातं.

६. कार्डाचा ब्लॉक, म्हणजे चिपवर बसणारा आणि आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा, घेताना चिपचं नाव पुरेसं नाही, कंपनी आणि पूर्ण मॉडेल जुळव — चिप एकच असली तरी प्रत्येक कंपनीच्या बोर्डावर बाकीचे भाग वेगळ्या जागी असतात, आणि ब्लॉक अर्धा मिलिमीटरही समजून घेत नाही.

७. नवं कार्ड आधी त्याच्या मूळ कूलरवर आठवडाभर पळव. कार्डातच खोट असेल तर ती कूलर काढायच्या आधी कळलेली बरी — वॉरंटीच्या अटीही तेव्हाच वाच, आणि काढलेला कूलर स्क्रूसकट पिशवीत घालून जपून ठेव.

८. थर्मल पॅडची जाडी पुस्तिकेत दिली असेल तीच. जाड पॅड लावला तर ब्लॉक चिपवरून किंचित उचलला जातो — मग पाणी गार आणि चिप तापलेली, असं कोडं घालून बसतं.

९. लूपमध्ये तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा चालतो. ॲल्युमिनियमचा तुकडाही नको, कुणी स्वस्तात रेडिएटर दिला तरी नको. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की त्यांची बॅटरी बनते आणि ॲल्युमिनियम हळूहळू झिजत जातं — बाहेरून काही दिसत नाही. दिसतं तेव्हा ब्लॉकच्या बारीक खाचांत पांढरा गाळ बसलेला असतो. विकत घेताना विक्रेत्याला धातू विचार, त्याला सांगता आला नाही तर पुढचं दुकान बघ.

आता क्रमाबद्दल. पाणी आधी प्रोसेसरला द्यावं की कार्डाला, यावर पोरं रात्र रात्र वाद घालतात. साधं गणित कर. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल, तर ५७५ वॅटच्या कार्डातून बाहेर पडताना ते जेमतेम दोन अंशांनी तापलेलं असतं. एवढ्याशा फरकासाठी नळ्या वेड्यावाकड्या फिरवू नकोस. जिथून जवळ पडेल तिथून ने.

१०. क्रम एकाच ठिकाणी पाळायचा: टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्यापेक्षा उंचावर — पंप हवा ओढत नाही, त्याला पाणी आपोआप येऊन मिळावं लागतं. कोरडा पंप क्षणभरही चालवू नकोस, त्यातल्या पाण्यावरच त्याचं बेअरिंग फिरतं.

११. पहिल्या लूपला डी५ जातीचा पंप बरा. डीडीसी लहान आणि दाबाला जोरकस असतो, पण जास्त तापतो — डी५ ला त्यातलं पाणीच थंड ठेवतं आणि आवाजही कमी होतो.

१२. पंपाला वीज थेट पॉवर सप्लायमधून दे, मदरबोर्डच्या साध्या फॅन पिनवरून नको — ती पिन साधारण एक ॲम्पिअरची, डी५ ला त्याच्या जवळजवळ दुप्पट लागतो. त्याची वेग सांगणारी तार मात्र प्रोसेसर फॅनच्या पिनला जोड, म्हणजे पंप थांबला तर मदरबोर्डला कळेल.

१३. सगळ्यात खालच्या जागी निचऱ्याची तोटी ठेव. आधी निचरा, मग भरणा — तोटी नसेल तर वर्षानं लिटरभर पाणी काढताना कॅबिनेट आडवं करून, खाली परात धरून घरातल्या चौघांना हाताशी बोलवावं लागतं.

१४. पहिल्या वेळी मऊ नळी घे, त्यातही काळी ईपीडीएमची. पारदर्शक मऊ नळी काही महिन्यांत धुरकट होते, कारण तिच्यातलं मऊपणा देणारं रसायन पाण्यात उतरतं. कडक नळ्यांचा मोह दुसऱ्या लूपसाठी राखून ठेव. आणि घेतल्यासच तर पीईटीजी नको, ॲक्रिलिक घे — पीईटीजी ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी त्या आकड्यापासून फार दूर नसतं.

१५. फिटिंग नळीच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही मापांना जुळव, आणि मोजून लागतील त्याहून दोन जास्त मागव — कमी पडलेलं फिटिंग नेहमी रविवारी रात्रीच लक्षात येतं.

१६. फिटिंग हातानंच आवळ आणि टेफ्लॉन टेपला हात लावू नकोस — पाणी अडवते ती ओ-रिंग, आटे नव्हेत. पान्यानं पिळलं की रिंग चिरडते आणि ॲक्रिलिक तडकतं.

१७. रेडिएटरला फॅन बसवताना त्याच्यासोबत आलेलेच स्क्रू वापर — दोन मिलिमीटर लांब स्क्रू सरळ पाण्याच्या पट्टीत घुसतो.

१८. नवा रेडिएटर गरम पाण्यानं भरून, हलवून, ओतून टाक. पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा, आणि शेवटचं डिस्टिल्ड पाण्यानं — कारखान्यातला फ्लक्स आणि डागाचे कण आत राहिले की ते ब्लॉकच्या खाचांत जाऊन बसतात.

१९. घरच्या आरओचं पाणी डिस्टिल्ड नव्हे. त्यात क्षार उरतातच, काही मशीन चवीसाठी वरून घालतातही — तयार कूलंट घे, किंवा डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक दोन्ही मिसळ.

२०. पहिलं वर्ष बिनरंगी किंवा पारदर्शक कूलंटवर काढ, दुधाळ रंग नको. त्या दुधाळपणात बारीक कण तरंगत असतात. रंग काचेतून दिसतो, गाळ ब्लॉकमध्ये बसतो.

२१. पाणी ओतायच्या आधी हवेनं परीक्षा घे. हातपंपाच्या टेस्टरनं साधारण अर्धा बार दाब भर आणि अर्धा तास काट्यावर नजर ठेव — काटा सरकला तर लूपचे दोन भाग करून शोध. गळती कोरड्यात सापडली तर ती गळती नव्हे, नुसतं ढिलं फिटिंग.

२२. भरताना पॉवर सप्लायला जम्पर लावून फक्त पंप चालव, बाकीच्या सगळ्या वायरी काढलेल्या, फिटिंगखाली टिश्यू पेपर. टाकी भर, पंप दोन-चार सेकंद चालव, थांब, पुन्हा भर — आणि मधूनमधून कॅबिनेट हळूच कलतं कर, कोपऱ्यातली हवा त्याशिवाय निघत नाही. तो टिश्यू मग रात्रभर तसाच राहू दे आणि सकाळी बोटानं चाचपून बघ.

२३. एखादा थेंब भागावर पडलाच तर वीज लावायची घाई नको, पूर्ण वाळू दे. ‘हे कूलंट वीज वाहत नाही’ या बाटलीवरच्या वाक्यावर विसंबू नकोस — धूळ आणि धातूचे कण मिसळले की ते वाहायला लागतं.

आई विचारेलच, विजेच्या यंत्रात पाणी कशाला. तिला सांग, आयबीएमनं १९६० च्या दशकातच मोठे कॉम्प्युटर पाण्यानं थंड केले, आणि पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म हा महासंगणकही असाच थंड होतो. तिची काळजी खरी आहे, ती हसून उडवू नकोस. टिश्यू पेपर दाखव.

२४. पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर लाव आणि फॅन त्याच्या सांगण्यावर फिरव — चिपचं तापमान क्षणाक्षणाला उड्या मारतं, पाण्याचं सावकाश बदलतं, म्हणून फॅनही उगाच धापा टाकत नाहीत.

२५. ॲक्रिलिकची टाकी स्पिरिटनं किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसू नकोस — बारीक भेगा पडतात आणि त्या वाढत जातात. ओलं फडकं पुरतं.

२६. धुळीची जाळी महिन्याला धू आणि कूलंट दिवाळीच्या साफसफाईत बदल — सण आठवण करून देतो, आणि सगळं घर बाहेर काढलेलंच असतं.

२७. कूलंटचं नाव, भरल्याची तारीख, नळीचं माप आणि प्रत्येक ब्लॉकचं मॉडेल कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला आतून चिकटव — दोन वर्षांनी एखादं फिटिंग मागवताना नळी १०/१३ होती की १०/१६, हे कुणालाच आठवत नाही.