सशाचे पाय

कुत्र्यामांजराच्या पायाला गादी असते. सशाला ती नाही. त्याच्या तळपायाला नुसते केस. ते झिजले की कातडी लाल होते, सोलते, मग जखम होते. मागच्या पायांना हे दुखणे जास्त, कारण बसताना भार तिथेच येतो.

पिंजऱ्याच्या तळाला तारेची जाळी असते. लेंड्या खाली पडतात, आपली सोय होते. पण सशाच्या पायात तार रुतते. म्हणून निम्म्या जाळीवर लाकडी फळी टाका. वर कोरडे गवत पसरा. ते ओले झाले की लगेच बदला. नखे फार वाढू देऊ नका.

ससा सहसा ओरडत नाही. दुखले तरी गप्प बसतो. तेव्हा आठवड्यातून एकदा त्याचे तळपाय तुम्हीच बघा.

नुसते केस गेले असतील तर कोरडी, मऊ जागा पुरते. जखम असेल तर मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा आणि गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. पू हाडापर्यंत जातो, उशीर करू नका. घरात उरलेली माणसांची गोळी तर मुळीच देऊ नका. पेनिसिलिनच्या जातीचे औषध पोटात गेले की सशाची आतडी बिघडतात. पाय राहतो बाजूला, ससाच दगावतो!

डॉक्टरांनी पट्टी बांधली तर रोज बघा. ससा ती कुरतडतो.