तारुण्यपीटिका आणि आपले जीवनमान

तंजावरला आमच्या घरी मुरमांवर एकच औषध: कस्तुरी मंजळ. आजी म्हणते, "वयाचं आहे, जाईल." वयाचे आहे हे खरे, पण जाईपर्यंत मुलाने काय करायचे, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

सुश्रुतसंहितेत या विकाराला 'मुखदूषिका' म्हटले आहे. तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्या असे त्याचे वर्णन आहे. सावरीचे खोड पाहिलेल्याला ते लगेच पटेल. आजचे शास्त्र सांगते की वयात येताना अँड्रोजेन संप्रेरके वाढतात, तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, रोमरंध्र मृत पेशींनी बुजते, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. म्हणजे हा अस्वच्छतेचा रोग नाही. "तोंड धूत जा रे" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आम्हा कॅडेट्सना त्यात हेल्मेटचा पट्टा, घाम आणि रोजची दाढी. घासण्या-दाबण्याने चिघळणाऱ्या मुरमांना १९७५ मध्ये मिल्स आणि क्लिगमन यांनी 'ॲक्ने मेकॅनिका' असे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धात उष्ण, दमट प्रदेशांत गेलेल्या काही सैनिकांच्या पाठीवर इतकी मुरमे उठली, की त्यांना माघारी पाठवावे लागले.

वेल्समधील कार्डिफच्या त्वचातज्ज्ञांनी मुरमांचा त्रास मोजायला पाच प्रश्नांची प्रश्नावली केली आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण १५. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. गेल्या महिन्यात मुरमांमुळे चिडचिड किंवा लाज वाटली का? चारचौघांत मिसळणे अवघड झाले का? सर्वांसमोर कपडे बदलायचे टाळले का? या तिसऱ्या प्रश्नाशी मी थांबलो. वसतिगृहात टाळणार कुठे?

मला ९ गुण पडले. माझ्या वर्गमित्राच्या गालांवर माझ्याहून दुप्पट मुरमे, त्याला ३. डॉक्टरांना दिसणारी तीव्रता आणि मुलाला होणारा त्रास यांचा मेळ बसतोच असे नाही. आमच्या सर्फोजी राजांच्या (१७७७–१८३२) काळातील नेत्ररुग्णांची टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. त्यांत डोळ्याचे चित्र आहे आणि रोग्याची हकिकतही. मुरमांच्या बाबतीत आपण फक्त चित्र बघतो, आणि वर टोपणनाव ठेवतो. 'पोरी उंडई' (मुरमुऱ्यांचा लाडू) अशा नावाने दोन वर्षे हाक ऐकणाऱ्या मुलाला त्यात गंमत वाटत नाही.

उपचार आहेत. बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲडापलीन यांसारखी मलमे डॉक्टरांच्या सल्ल्याने लावावीत. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. आठवड्यात ट्यूब फेकू नये. गोरे करणारी स्टेरॉइडयुक्त मलमे मात्र हातोहात फिरतात, ती लावू नयेत. त्यांनीच नवी मुरमे उठतात. फोडल्यास व्रण राहतात.

आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो. उशीला पांढरा अभ्रा घाला, खाकी कॉलर जपा.