औषध दुकानातील वेगळी वही : नियम, धंदा आणि रुग्णाचे हित

वरणगावसारख्या बाजाराच्या गावी खोकला-तापाचा माणूस डॉक्टरांच्या आधी मेडिकल स्टोअर गाठतो. एक दिवस दुकान बंद ठेवले तर धंदा बुडतो, हातावर पोट असलेल्या कारागिराची मजुरी जाते. म्हणून तो 'दोन गोळ्या द्या' म्हणतो आणि गिऱ्हाईक तुटू नये म्हणून दुकानदारही पट्टी कापून देतो. या व्यवहाराविषयी सरकारचा नियम काय आहे, हे व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेणे आम्हाला अगत्याचे वाटते.

केंद्र सरकारने 30 ऑगस्ट 2013 रोजी औषध नियमांत 'शेड्यूल एच-1' ही नवी यादी घातली. 1 मार्च 2014 पासून ती अमलात आली. सुरुवातीला तीत 46 औषधे होती. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी जंतुनाशक औषधे आणि रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, इथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड ही क्षयरोगाची औषधे तीत येतात. अशा औषधाच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. शिवाय विकतानाच वेगळ्या वहीत डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि किती दिले, ही नोंद करावी लागते. वही तीन वर्षे जपून ठेवायची आणि औषध निरीक्षकाने मागितल्यास दाखवायची.

ही कटकट कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. लिव्होफ्लॉक्सासिनचेच उदाहरण घ्या. हे औषध क्षयरोगाच्या जंतूंवरही काही प्रमाणात चालते. खोकल्यावर ते चार-पाच दिवस घेतले की बरे वाटते, रोग मात्र आत राहतो. तपासणी लांबते आणि तोवर घरातल्या मुलाबाळांना लागण होऊ शकते. अर्धवट औषधाने उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात.

याचे टोक मुंबईत दिसले. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उडवाडिया व सहकाऱ्यांनी 2011 च्या अखेरीस चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेल्या कोणत्याही औषधाला त्यांचा क्षयरोग दाद देत नव्हता. त्यांपैकी तिघांना आधी अनेक खासगी डॉक्टरांकडून देखरेखीविना, बऱ्याचदा चुकीच्या प्रमाणात औषधे मिळाली होती.

मार्च 2018 पासून क्षयरोगाची औषधे विकणाऱ्या दुकानदारानेही रुग्णाची माहिती सरकारी यंत्रणेला कळवणे बंधनकारक झाले. जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जंतुनाशके चिठ्ठीवरच द्यावीत, असे औषध विक्रेत्यांना पुन्हा बजावले.

दुकानदारांनी एवढे करावे :
1. चिठ्ठी पाहिल्याशिवाय एच-1 चे औषध देऊ नये. वही रोजच्या रोज भरावी.
2. माल पक्क्या बिलावरच घ्यावा आणि बॅच नंबर जुळवून पाहावा.
3. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल, तर गिऱ्हाइकाला थुंकी तपासण्यासाठी सरकारी दवाखान्यात पाठवावे.

गिऱ्हाइकांनी एवढे लक्षात ठेवावे :
1. क्षयरोगाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असताना पोषणासाठी दरमहा मदत मिळते. नोव्हेंबर 2024 पासून ती 500 वरून 1,000 रुपये झाली.
2. साध्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत बरे वाटले तरी तो सोडू नये.
3. रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते, त्याने घाबरू नये. पण डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. औषधाचा त्रास 1800-180-3024 या मोफत क्रमांकावरही कळवता येतो.

चिठ्ठीशिवाय विकलेल्या दोन गोळ्यांत नफा थोड्या रुपयांचा असतो. त्यासाठी पणाला लागतो तो दुकानाचा परवाना आणि शेजाऱ्याचा जीव. आज एखादे गिऱ्हाईक रागावून परत गेले तरी चालेल. तपासणी होऊन बरे झाले की ते त्याच दुकानात येईल.