अबोल बुद्धिमत्तेला वाचनाची सोबत

परीक्षेत पहिला येणारा मुलगा मधल्या सुट्टीत एकटाच बसून असतो. उत्तर ठाऊक असूनही हात वर करीत नाही, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्याचे पोट हमखास दुखते. अशा मुलास ‘शांत’, ‘गुणी’ म्हणून वाखाणले जाते व तेथेच त्याची अडचण नजरेआड होते. कुशाग्र मुले इतरांहून भित्री असतात असे मुळीच नाही. परंतु त्यांच्यातील ज्यांना लोकांची धास्ती वाटते, त्यांची धास्ती उत्तम गुणांमागे सहज दडून राहते. असामान्य बुद्धीच्या मुलांना समवयस्कांत मित्र मिळणे किती कठीण जाते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांनी दीर्घ अभ्यासांती नोंदविले आहे. त्यांचा तो ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९४२ साली प्रसिद्ध झाला.

लोकांना टाळले की भीती तेवढ्यापुरती ओसरते, आणि म्हणूनच टाळण्याची सवय पक्की होते. ती मोडावयाची तर लहानलहान पायऱ्यांनी माणसांत वावरावे लागते. येथे मार्गदर्शकासह केलेले सामूहिक वाचन उपयोगी पडते.

सहा ते आठ मुले, आठवड्यातून एक तास, शाळेच्या ग्रंथालयाचा निवांत कोपरा. याहून अधिक सामग्री लागत नाही. पुस्तकाची निवड मात्र विचारपूर्वक करावी. सीमाभागातील मुलांसाठी प्रकाश नारायण संत यांचा ‘वनवास’ (१९९४) हा कथासंग्रह अत्यंत अनुरूप आहे. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे राहणारा लंपन मनातल्या मनात अखंड बोलत असतो. आकडे अवास्तव फुगवून सांगण्याची त्याची लकब तर मुलांना हसवतेच. त्याच्या मराठीत मिसळलेली कानडी बेळगावच्या मुलास परकी वाटत नाही.

प्रारंभी मार्गदर्शकाने स्वतः वाचावे व मुलांनी केवळ ऐकावे. पुढे ज्याची इच्छा असेल त्याने एक परिच्छेद वाचावा. छापील मजकूर हाती असल्यामुळे ‘काय बोलू?’ ही चिंता उरत नाही. त्यानंतर चर्चा. प्रश्न लंपनविषयी असावा: “येथे तो गप्प का राहिला असेल?” “तुलाही असे होते का?” हा प्रश्न कटाक्षाने टाळावा. लंपनविषयी बोलता बोलता मूल स्वतःविषयी बोलू लागते, पण तसे कबूल करण्याचे बंधन त्याच्यावर नसते. ‘आज मी बोलणार नाही’ असे म्हणण्याची मुभा प्रत्येकास असावी, आणि वाचनवर्गातील बोलणे बाहेर नेले जाऊ नये. येथे गुण नाहीत, स्पर्धा नाही. चुकण्याचे भय बाळगणाऱ्या हुशार मुलास याचे फार अप्रूप वाटते. शिक्षकाने तात्पर्य सांगण्याचा मोह आवरावा. आपल्याकडे तो विलक्षण प्रबळ आहे.

वाचनवर्ग म्हणजे वैद्यकीय उपचार नव्हे. मूल शाळेत जाण्याचेच नाकारू लागले, झोप व भूक हरपली, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला विनाविलंब घ्यावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली शासकीय ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे.