अंगण हीसुद्धा शाळा

लहान मुलांची शाळा चार भिंतींतच असते काय? नाही.

ताराबाई मोडक लग्नानंतर आपल्या अमरावतीला राहत होत्या. पुढे १९४५ साली त्यांनी समुद्राकाठच्या बोर्डी गावात बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. गरिबांची मुले बालवाडीत येत ना. मग बाईंनी त्यांच्या वस्तीतल्या अंगणातच शाळा भरवली. ती अंगणवाडी. १९५७ साली त्या कोसबाडला गेल्या. तिथली मुले गुरे राखत. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरे. ती कुरणशाळा.

खोलीत काय असावे? टाटपट्टी, चित्रे आणि लहानांचा हात पुरेल असा खाली लावलेला फळा. बाहेर काय असावे? निंबाची सावली, माती, पाणी व चिंचोके. चिंचोके मोजले की गणित येते. मातीत बोटाने अक्षर गिरवता येते. वऱ्हाडात ऊन लय तापते, म्हणून उन्हाळ्यात बाहेरची शाळा सकाळीच भरवावी.

कापूस वेचायच्या दिवसांत माझी लहान बहीण मायसंग वावरात जाते. तिची अंगणवाडी बुडते. अशी पोरं गावात आणखी आहेत. धुऱ्यावरच्या निंबाखाली त्यांची शाळा भरू शकते. रविवारी आम्ही चौथीची मुले त्यांना शिकवू. गुरुजींनी हो म्हणावे, ही विनंती.

— इयत्ता ४ थी