लसीनंतर मानेवर गाठ आली? ब्लेड लावू नका



लाळ्या-खुरकूतची लस टोचली की चार-आठ दिवसांत "डॉक्टर, मानेवर गाठ आली, चिरून घेऊ का?" असे मेसेज सुरू होतात. चिरू नका.

ही लस तेलात कालवलेली असते. तेलामुळे औषध एका जागी थांबून हळूहळू सुटतं आणि तिथे शरीराचं सैन्य जमा होतं. म्हणून लिंबाएवढी टणक गाठ राहते. जनावर खातंय, रवंथ करतंय, गाठ फारशी दुखत नाही, तर काही आठवड्यांत ती आपोआप बसते. चोळू नका, चुना लावू नका. एक-दोन दिवस ताप येतो, दूध थोडं उतरतं. चालायचंच.

पण गाठ गरम लागते, मऊ पडत चालली, हात लावू देत नाही, जनावर चारा सोडतंय, तर आत पू झालाय. बहुतेक वेळा कारण मळकी सुई किंवा शेणाने माखलेली कातडी. डॉक्टरांना बोलवा. अँटिबायोटिक दिलं तर किती दिवस दूध घालायचं नाही ते विचारून लिहून ठेवा. ते दूध मुलुंडच्या गिऱ्हाइकाच्या पातेल्यात जाता कामा नये. उकळल्याने औषध जातं हा गैरसमज आहे. दुखणं थांबवायला डायक्लोफेनॅक तर नकोच. गिधाडं मेली म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली.

2022 च्या लम्पीत गाईंना शेळ्यांच्या देवीची लस कातडीखाली दिली. टोचल्या जागी सूज दिसली की "लसीनेच लम्पी झाला" म्हणणारे होतेच. फरक सोपा आहे: सूज फक्त टोचल्या जागी असेल तर ती लसीची. अंगभर गाठी, ताप, पाय सुजलेले असतील तर लम्पीचा संशय धरा, गाय वेगळी बांधा.

सुई मानेच्या मधल्या भागात, खांद्याच्या पुढे घ्यावी. पुठ्ठ्यावर नको, तिथली शीर दुखावली तर जनावर लंगडतं. दर जनावराला नवी सुई मागा, लाजू नका. लस बर्फाच्या डब्यातच आली पाहिजे, 2 ते 8 अंशांत.

टोचल्यावर अर्धा तास गोठा सोडू नका, डॉक्टरांनाही थांबवून घ्या. तोंड-पापण्या सुजल्या, लाळ गळतेय, धाप लागली तर त्याच मिनिटाला सांगा. डॉक्टर निघून गेले असतील तर लगेच 1962 लावा.

गाठीचा फोटो पाठवताना लसीची तारीख आणि बाटलीवरचा बॅच नंबर सोबत टाका.